लेकीच्या नावाने लिहिलेलं पत्र

शाळेत असतानाच विद्यापीठाचे क्रेडिट मिळवता येतात, हे मला शाळेतल्या दहा मिनिटांच्या भेटीत कळलं. इथे वर्गशिक्षिका पालकांना दहाच मिनिटं देतात आणि अकराव्या मिनिटाला पुढचे पालक दारात येऊन उभे राहतात. मुलगी तेव्हा हायस्कूलच्या पाचव्या वर्षाला होती, आपल्याकडची अकरावी धरा. बाईंनी सांगितलं की निवडक मुलांना दर बुधवारी दुपारी युट्रेख्टला विद्यापीठात जाऊन एक विषय शिकता येतो. परीक्षा पास झालं की क्रेडिट मिळतात आणि पुढे तिथेच पदवीला गेलं तर ते धरलेही जातात. हे सगळं त्या माझ्या मुलीकडे बघून सांगत होत्या. मी आणि नवरा बाजूला बसलो होतो, लग्नाच्या बोलणीत लांबच्या नातेवाइकांना बसवतात तसे.

"तुला आवडेल का?" बाईंनी तिला विचारलं.

"माहीत नाही," ती डचमध्ये म्हणाली. "विचार करून सांगते."

असं काही आपणहून चालत आल्यावर विचार कसला करायचा? घरी येताना सायकल तिच्या बरोबरीने आणून मी तिला तेच विचारलं. "आई, शी आस्क्ड मी," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तरं मात्र इंग्रजीत येतात आणि फारच कंटाळली तर डचमध्ये.

माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुसतंच वेडेपण वाटेल. माझी आई अंगठा लावायची. शाळेपासून कॉलेजपर्यंतचे माझे सगळे अर्ज आमच्या वस्तीतल्या एका मास्तरांनी भरून दिले आणि त्यांच्या ओट्यावर आपली पाळी येईपर्यंत मी कागद धरून उभी राहायचे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, मग लग्न झालं. नवऱ्याच्या मागोमाग त्याच्या व्हिसावर नेदरलँड्समधल्या या कापेल गावी आले आणि काही वर्षं घरातच गेली. आता इथल्याच एका ऑफिसात कुठला ट्रक कधी निघेल याचं वेळापत्रक लावते. नोकरी बरी आहे, माणसं चांगली आहेत. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मला अठरा वर्षं झाली होती. आणि मनात एक होतं, की माझ्या मुलीला कुणाच्या ओट्यावर उभं राहावं लागणार नाही. तिची आई लिहू शकते.

दोन आठवडे विचार करून तिने अर्ज करायचं ठरवलं. बुधवारी जमणारे विषय दोनच होते, त्यातला जीवशास्त्राचा तिने घेतला. माझ्या सांगण्यावरून नव्हे, पण मी मनातल्या मनात उड्या मारल्या. अर्जासोबत मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र, पालकांची संमती आणि ओळखपत्राची प्रत लावायची होती. शेवटचा दिवस शनिवार, आणि शनिवारी ती सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावायला जाते. इथली बहुतेक मुलं करतात ते काम. निघताना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पत्र लिहून झालंय. तू फक्त कागद जोड आणि सेंड कर, ओके?"

मी पत्र उघडलं. तीन ओळी होत्या, डचमध्ये. 'मला हे जमेल की नाही ते माहीत नाही. शाळेतले विषय मला खरंच आवडतात की चांगले मार्क मिळतात म्हणून आवडतात, हे मला तपासून बघायचं आहे. नाही आवडलं तर मी तसं सांगेन.' खाली तिचं नाव.

निवड व्हावी म्हणून लिहायचं पत्र, आणि त्यात पहिलंच वाक्य जमेल की नाही माहीत नाही? आपल्याकडे नोकरीच्या साध्या अर्जातही माणूस लहानपणापासूनचं स्वप्न सांगतो. तिला फोन करता आला असता. सुपरमार्केट सायकलवर सात मिनिटांवर होतं. पण माझे हात शिवशिवत होते, आणि आपल्याकडच्या कुठल्या आईने मुलांचे प्रकल्प, वह्या, भाषणं केलेली नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. इंग्रजी चालणार होतं. मी बसले आणि दीड तासात एक पान लिहिलं. दहा वर्षांची असताना थेंबभर पाण्यात काहीतरी हलताना पाहिलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचलं नाही, असं त्यात होतं. आईने मला बघायला शिकवलं, असंही होतं. त्यातलं पाणी खरं होतं, हलणारं खरं होतं, फक्त मुलगी वेगळी होती. तिची फाइल काढून मी माझी जोडली आणि पाठवून दिलं. खरं सांगते, इतक्या वर्षांत मला तेवढा आनंद कधी झाला नव्हता.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. ती जिन्यावरून धडधडत खाली आली, इतकी हसत मी तिला सहावीनंतर पाहिली नव्हती. "बाबा, दे टुक मी," ती नवऱ्याच्या गळ्यात पडून म्हणाली. "मी लिहिलं होतं, मला माहीत नाही म्हणून. खरं खरं लिहिलं होतं. तरी त्यांनी घेतलं." हे शेवटचं तिने मराठीत सांगितलं. मी गॅसपाशी उभी होते. बोलायची वेळ तीच होती. मी पोळी उलटली.

त्यानंतर सात महिने दर बुधवारी ती युट्रेख्टला गेली. मीही सोबत येते म्हटलं तर 'हुफ्त नीत' म्हणाली, म्हणजे गरज नाही. संध्याकाळी येऊन मात्र ती सांगायची. प्रयोगशाळेतल्या बशीत कुठले जंतू वाढवले, कुठले मेले, तिच्या शेजारच्या मुलाने नमुने कसे एकत्र करून टाकले. मी कांदा चिरताना काही विचारायचे तर चकित होऊन बघायची. "तुला कसं माहीत?" आपली आई या विषयात एम.एस्सी. आहे हे तिला माहीत होतं, पण कागदावरच्या ओळीसारखं. त्या हिवाळ्यात ते आमच्या दोघींचं झालं. तिने मला तिची वही दाखवली, मी तिला रंग देऊन जंतू ओळखायची पद्धत समजावली आणि एकदा आम्ही घरच्या दह्यातल्या जंतूंवरून तासभर भांडलो. आयुष्यातले ते माझे सगळ्यात सुखाचे बुधवार होते आणि त्या प्रत्येक बुधवारी मला ते पत्र आठवायचं. सांगीन, परीक्षा झाली की सांगीन, असं मी म्हणत राहिले. परीक्षा झाली. ती चांगल्या गुणांनी पास झाली, क्रेडिट मिळाले. मग म्हटलं, प्रमाणपत्र हातात पडू दे.

प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला पालकांना बोलावलं होतं. मी साडी नेसले आणि नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. हा उपक्रम चालवणाऱ्या प्राध्यापकांनी एक गंमत ठेवली होती. प्रत्येक मुलाचं नाव पुकारायचं, त्याच्या अर्जातल्या पत्रातली एक ओळ वाचायची आणि मग प्रमाणपत्र द्यायचं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. उठून बाहेर जावं असं वाटलं, पण मी रांगेच्या मधोमध बसले होते आणि मी बाहेर गेल्याने थांबणार तरी काय होतं.

तिचं नाव आलं. ती वर गेली. प्राध्यापकांनी कागद बघून वाचलं, "मी दहा वर्षांची असताना आईने मला पाण्याच्या थेंबात बघायला शिकवलं." सगळे "आSS" करून माझ्याकडे वळले. साडीमुळे आई कोण ते शोधावं लागलं नाही. मुलगीही माझ्याकडेच बघत होती. आधी तिला कळलं नाही, कागद चुकला असावा असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग कळलं. ते मी बघितलं. तिने प्रमाणपत्र घेतलं, हात मिळवला, आभार मानले आणि खाली येऊन बसली.

परतीच्या ट्रेनमध्ये ती आमच्या समोर बसली होती. म्हणाली, "डिड दे एव्हर सी माइन?"

"नाही," मी म्हटलं.

"सो दे पिक्ड यू."

नवरा माझ्याकडे बघत राहिला, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी तिथेच सगळं सांगितलं, आजीचा अंगठा, मास्तरांचा ओटा, सगळं. चूक झाली म्हणाले, रडलेही. ती म्हणाली, "ओके." तिने भांडायला हवं होतं. माझी लेक माझ्यासारखीच तापट आहे, भांडली असती तर मला आमचा रस्ता माहीत होता.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच प्राध्यापकांना मेल लिहून खरं काय ते कळवलं आणि आपलं तीन ओळींचं पत्र सोबत जोडलं. त्यांचं उत्तर तिने जेवताना वाचून दाखवलं, वडिलांना. अभ्यास तिचा होता, परीक्षा तिने दिली होती, म्हणून क्रेडिट तिचेच राहतील. आणि पुढे लिहिलं होतं, 'हे पत्र आलं असतं तर मी तुला बोलायला बोलावलं असतं. घेतलं असतं की नाही, ते आता मला सांगता येणार नाही.' या लोकांचा खरेपणा असा असतो. खोटं का होईना, हो लिहिलं असतं तर माझी सुटका झाली असती. तिलाही आता ते आयुष्यभर कळणार नाही, आणि तिला आनंद तर तेवढ्याचाच झाला होता.

पुढच्या वर्षी तिने टिलबर्गला कायदा शिकायचं ठरवलं. तिथे या क्रेडिटचा काही उपयोग नव्हता. ते वाया जातील, असं एकदा माझ्या तोंडून निघालं. "हो," ती शांतपणे म्हणाली. अर्ज कधी केला, त्यात काय लिहिलं, हे मला माहीत नाही. लॅपटॉपला आता पासवर्ड होता. एरवी ती माझ्याशी फार नीट वागायची. चहा घेणार का विचारायची, उशीर होणार असेल तर कळवायची, आणि हे सगळं आता स्वच्छ मराठीत, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. बुधवारी ती वर खोलीत असायची.

अंतिम परीक्षेचा निकाल इथे शाळेकडून मुलांना फोनवर कळतो, तोही फक्त नापास झालं तर. ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही की पास. मला ती वेळ माहीत नव्हती. "तिला फोन करू नकोस, ती करेल," नवरा सकाळी म्हणाला आणि कामाला गेला. मी दिवसभर ऑफिसात मोबाइल टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवून बसले. दोन ट्रक चुकीच्या दारावर लावले. फोन वाजला तो ड्रायव्हरचा.

साडेपाचला सायकलवरून आमच्या गल्लीत वळले. मूल पास झालं की इथे घराबाहेर झेंडा लावतात आणि काठीला त्याची शाळेची बॅग टांगतात. आमच्या दारावर झेंडा होता, आणि त्याला तिची निळी बॅग लोंबत होती. काठी तिने शेजारच्या आजींकडून मागून आणली होती, शिडी गॅरेजमधून काढून भिंतीला लावलेली तशीच होती. वरच्या खोलीत तिच्या मैत्रिणी हसत होत्या. माझ्या लेकीचा निकाल मला रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळावा तसा कळला.

शेजारच्या आजी बाहेरच होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरून अभिनंदन केलं आणि विचारलं, "तिने तुला लगेच फोन केला असेल ना?"

मी सायकलला कुलूप लावलं आणि हो म्हटलं.