लंकाबाईचे तीन चाकू

निफाडजवळच्या त्या वस्तीवर कुणाच्या गोणीची सुतळी सुटेना की हाक एकच: "लंकाकाकूला बोलवा!" लंकाबाईच्या कमरेच्या पिशवीत कायम एक मिटता चाकू. त्यानं तिनं कांदे चिरले, द्राक्षांचे घड उतरवले, पुतण्याच्या वाढदिवसाचा केकसुद्धा कापला, कारण बेकरीवाल्यानं दिलेली प्लास्टिकची सुरी तिच्या मते सुरीच नव्हती. मागणाऱ्याला ती चाकू देई, पण तो परत येईपर्यंत त्याच्या हातावरची नजर काढत नसे. बाई तशी मायाळू. चाकूच्या बाबतीत मात्र सख्ख्या नवऱ्यावरही तिचा भरवसा नव्हता.

या चाकूला घरात आणखी एक काम होतं. बाळ जन्मलं की तो उशाखाली. लंकाबाईची पहिली पोरगी पाचवी पुजायच्या आधीच गेली, आणि "उशाला लोखंड नव्हतं म्हणून गेली," असं सासूनं ऐकवलं. डॉक्टर वेगळंच सांगत होते, पण मनात रुतलं ते सासूचं बोलणं. पुढं सोमनाथ झाला, निकिता झाली. दोघांच्या उशाखाली हा चाकू होता आणि दोघंही धडधाकट वाढली. मग बोला!

आता बंगळुरात निकिताला मुलगी झाली, तीही तारखेच्या कितीतरी आधी. पाचवी गाठायची तर विमानाशिवाय इलाज नव्हता. सोमनाथनं आईबापाला ओझरच्या विमानतळावर सोडताना बजावलं, "आई, चाकू मोठ्या बॅगेत टाक आन् बॅग काउंटरवर दे." तिच्या नवऱ्याचं, गोरक्षभाऊंचं तर वाटभर एकच पालुपद: "विमानात टाचणी नेऊ देत नाय, टाचणी!" जणू ते रोजच विमानानं बाजाराला जात होते.

काउंटरवरच्या मुलीनं बॅग मागितली आणि लंकाबाईनं ती पोटाशी आवळली. "यात बाळंतविडा हाय. परक्याच्या हाती देत्यात का कुठं?"

झालं. बॅग हातातच राहिली आणि तपासणीच्या यंत्रात गेली. तिथं हर्षाली नावाची वर्दीतली पोरगी उभी होती.

"आजी, बॅगेत चाकू आहे."

"हाय की. बाळाचा हाय."

"बाळाचा? केवढं आहे बाळ?"

"आज पाचवी हाय तिची."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. लंकाबाईनं वळून असं पाहिलं की तो माणूस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मग तिनं उशाखालच्या लोखंडाचं सगळं सांगितलं. हर्षालीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "कळतंय मला, आजी. पण आत नेता येणार नाही. तिकडे नवी सुरी घ्या ना."

"नवी सुरी बाळाला ओळखती का?"

पण एवढं बोलून तिनं चाकू मुकाट काढून दिला. गोरक्षभाऊंना तिथंच शंका आली. ही बाई मुकाट ऐकते म्हणजे काहीतरी शिजतंय!

बॅग पुन्हा यंत्रात गेली. आता हर्षालीचा हात मनगटापर्यंत डिंकाच्या लाडवांत. दुसरा चाकू निघाला. एक पकडला तर दुसरा तरी जाईल, म्हणून बाईनं घरातले आणखी दोन चाकू त्या चाकूला टेकवून त्यांनाही त्याचा गुण दिला होता.

"आजी, अजून किती आहेत?"

"आता एकच," लंकाबाई प्रामाणिकपणे म्हणाली. तो गोधडीच्या घडीत सापडला.

"शोभा केली चारचौघांत!" गोरक्षभाऊ कडाडले आणि तावातावानं धातू तपासायच्या चौकटीतून पुढं गेले. चौकट कोकलली. त्यांच्या बंडीच्या खिशातून कलमं बांधायचा चाकू निघाला. "कालचा राह्यला असंल," ते पुटपुटले. त्या सगळ्या गोंधळात लंकाबाईला तेवढं एक सुख मिळालं.

पण ट्रेमध्ये तिचा तो मूळचा चाकू पडला होता. सोमनाथ गाडी घेऊन परतला होता, काउंटर बंद झालं होतं, विमानाची शेवटची हाक चालू होती. चाकू नेता येत नव्हता आणि पाचवी उद्यावर ढकलता येत नव्हती. तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला. डोळे भरून आले. "चला," म्हणाली आणि निघाली. विमानात तिनं खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. रिकाम्या हातानं चाललोय, एवढंच तिच्या मनात घोळत होतं आणि त्या पहिल्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

बंगळुरात दार निकितानंच उघडलं. केस विस्कटलेले, डोळे जागरणानं लाल. शिकली-सवरलेली ही पोरगी आजवर आईच्या असल्या समजुतींना नाक मुरडत आली होती.

"आई, चाकू आणलास ना?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"नाय गं. काढून घेतला त्यांनी."

निकिताचा चेहरा एकदम उतरला. "मग आता? मला डोळा मिटायचीसुद्धा भीती वाटते गं."

भीती लंकाबाईलाही वाटत होती. पण ती हातपाय धुऊन आली आणि बाळाच्या उशाशी मांडी घालून बसली.

"आता मी हाय हितं," ती म्हणाली. "नीज तू."

निकिता आईच्या मांडीवर डोकं टेकून तिथंच झोपली. गोरक्षभाऊंनी पूजेचं विचारायला तोंड उघडलं, तसं लंकाबाईनं त्यांना नुसत्या डोळ्यांनीच गप्प बसवलं.