कोपऱ्यापर्यंत पोचलेलं नाव

“हाक मारून बघितलास काय?”

कुठलंही नवं नाव सांगितलं की टीचर आधी हेच विचारायच्या. उत्तराची वाट न बघता गच्चीच्या कठड्याशी जायच्या, उजवा तळहात तोंडाशी आडवा धरायच्या आणि पोट आत ओढून ते नाव गल्लीच्या कोपऱ्याकडे फेकायच्या. कोपऱ्यावर एक शहाळीवाला बसतो. त्याने मान वळवली तर नाव पास. नाही वळवली तर हात झटकून म्हणायच्या, “नापास. दुसरं काढ.”

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज आधी ओळखीचा होतो आणि चेहरा नंतर. माझं तसंच झालं. नोकरीसाठी नाशिकहून म्हैसूरला आलो आणि गोकुलममध्ये वरच्या मजल्यावर जागा घेतली. पलीकडची गच्ची टीचरांची, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. त्या म्हैसूरजवळच्या बन्नूरला वाढलेल्या आणि मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. जन्मभर मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमायचंच नाही. गुपितसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

मी तेव्हा मुलांसाठी एक कादंबरी लिहीत होतो. काल्पनिक देश, तळ्याखाली वसलेलं नगर, एक दुष्ट राजा आणि त्याला न घाबरणारी एक लहान मुलगी. पुण्याच्या एका प्रकाशकबाईंना गोष्ट आवडली होती, पण त्यांच्या घरची मुलं नावांपाशी अडखळून पुस्तक खाली ठेवत होती. नावं बदला, मग छापू, असं त्यांनी कळवलं. मी चिडलो. नावांवरच तर मी जीव ओतला होता. जितकी जोडाक्षरं जास्त तितका देश दूरचा, अशी माझी समजूत होती.

एका रविवारी कपडे वाळत घालताना मी तीच नावं पुटपुटत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, “कुणाला शिव्या देतोस रे?”

मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “राजाचं नाव काय म्हणालास?”

“ख्रिध्नज्ञ.”

“हे नाव काय ठसका? अय्यो, ह्याच्या बायकोनं ह्याला जेवायला कसं बोलवायचं? नाव घेईपर्यंत सारू गार होईल की.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “नाव तीन ठिकाणी टिकायला पाहिजे. लांबून, रागानं आणि लाडानं. कागदावर काय, काहीपण टिकतंय.”

तेव्हापासून रविवारची सकाळ नावांची झाली. मी हॉटेलातून इडल्या आणायचो, टीचर कॉफी करायच्या आणि भिंतीवर ताटल्या मांडून आम्ही एक देश वसवायचो. आमच्या गल्लीतून योगाच्या क्लासला जाणारी परदेशी मंडळी असतात, चटया काखेत मारून. नगराचं नाव ‘ओरुंबा’ ठरवलं, त्या सकाळी टीचरांनी ते असं काही लांबवलं की खालून चाललेल्या दोन गोऱ्या मुली थांबल्या, डोळे मिटले आणि हात जोडून तेच म्हणाल्या. “बघ,” टीचर म्हणाल्या, “फॉरिनच्या तोंडात पण बसलं. पास.”

दुष्ट राजाचं नाव ‘ढोमार’. ते रागात टिकतं का हे बघायला टीचरांना राग यायला हवा होता. तो आणायला गल्लीतलं तपकिरी कुत्रं होतंच, रोज त्यांच्या शेवंतीच्या कुंडीत झोपणारं. “ढोमार! होगाचे!” त्या ओरडायच्या. चालता हो, असं त्यांनी किती म्हटलं तरी संध्याकाळी त्याच हाताने त्याला बिस्किट मिळायचं. व्हायचं तेच झालं. आज ढोमार म्हटलं की माझा दुष्ट राजा शेपूट हलवत येतो. पुस्तकात त्याचा धाक कसा बसणार, ही काळजी मला अजून आहे.

मुलीचं नाव मात्र काही केल्या सापडेना. एखादं कोपऱ्यापर्यंत पोचायचं, पण लाडात मोडायचं. एखादं लाडात गोड, पण रागात ऐकलं तर हसू यायचं. शेवटी मी ‘सांजुरी’ म्हणालो. टीचर कठड्याशी गेल्या. शहाळीवाल्याने मान वळवली. त्या रागावल्या, तेही जमलं. मग भिंतीवर बसल्या आणि जणू मांडीवर कुणी आहे असा हवेतून हात फिरवत म्हणाल्या, “सांजू, झोपलीस काय ग पुट्टी?”

इतके दिवस ती मुलगी कागदावर होती, आता तिला केस आले.

“झालं,” टीचर उठल्या. “आता तू मार हाक.”

“मी?”

“पोर कुणाची? नाव ठेवणाऱ्यानं हाक पण मारायला पाहिजे.”

माझा आवाज असा की ऑफिसात समोरासमोर बसलेला माणूस कान पुढे करतो. मी सांजुरी म्हणालो. कठड्यावरचं कबुतरसुद्धा हललं नाही.

“पुरुषासारखा पुरुष आणि आवाज मांजरीच्या पिल्लाचा,” टीचर म्हणाल्या. “पुस्तकाला चालेल. पोरीला नाही चालणार.”

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, “टीचर, तुमचंच नाव द्यायला हवं होतं तिला. नाव काय तुमचं?” इतके महिने शेजारी राहून मला ते ठाऊक नव्हतं. दारावरच्या पाटीवर त्यांच्या यजमानांचं नाव होतं.

त्यांनी सांगितलं. सुंदर नाव होतं. तुम्हाला मी ते सांगणार नाही. ते वाचायचं नाव नाही.

“आमचे वडील, अण्णा, मारायचे हाक,” त्या म्हणाल्या. “बन्नूरला, दिवेलागणीला. मी उसाच्या पलीकडं असले तरी ऐकू यायची. मग लग्न झालं. हे म्हणायचे अगं. शाळेत टीचर, बँकेत मॅडम, सुनेला अत्ते. नावानं बोलवणारे सगळे गेले की.” कॉफीचे पेले गोळा करत त्यांनी पुढचं वाक्य जवळजवळ हळू म्हटलं. “कधी वाटतंय, एकदा कुणीतरी लांबून मारावी. बघायला, अजून माझी मान वळते काय. सुम्ने, असंच म्हटलं.”

वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची आपल्यात रीत नाही, आणि मारायची म्हटली तरी ती माझ्या गळ्यातून येणार कुठून? पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

पुस्तक स्वीकारल्याचं कळलं, त्या दिवशी टीचरांनी केसरीभात, म्हणजे इकडचा शिरा, केला. त्यानंतर लवकरच त्यांच्या गुडघ्यांनी जिने सोडले आणि मुलगा त्यांना बंगळूरला न्यायला आला. निघताना सगळी गल्ली फाटकाशी जमली. मी पाया पडलो. “ढोमारला दूधभात घाल,” त्या म्हणाल्या. “आणि बोलत जा रे मोठ्यानं.”

गाडी निघाली. मी दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो. गाडी कोपऱ्यावर थांबली होती. शहाळीवाला खिडकीतून टीचरांना शहाळं देत होता, पैसे नको म्हणून मान हलवत होता. आता नाही तर कधीच नाही, एवढंच मला कळलं. मी उजवा तळहात तोंडाशी आडवा धरला, पोट आत ओढलं आणि त्यांना हाक मारली. टीचर नाही, अक्का नाही. नुसतं नाव, लांबून.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. खाली ढोमार उठून उभा राहिला. शहाळीवाल्याची मान वळली. मग गाडीचं दार उघडलं, दाराचा आधार घेत टीचर सावकाश बाहेर आल्या आणि वळून वर बघू लागल्या.

हात हलवतील असं वाटलं. पण त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि उसाच्या पलीकडून द्यावी तशी ओ दिली.

“ओऽऽऽ, आलेऽऽ!”