भीमण्णानं सर्व्हरला घातलेली लिमिट

भीमण्णा गेला.

आज सकाळी हुमनाबादच्या अलीकडं त्याची मोटरसायकल घसरली. मागून ट्रक येत होता.

दुपारपासून मी घरात नुसती इकडून तिकडं फिरायलेय. बसवत नाही. रडूही येत नाही. म्हणून लिहायलेय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

भीमण्णा दुबलगुंडीचा. आजोबांची मेंढरं होती, वडलांच्या वेळेला थोडी शेती झाली. हा कॉम्प्युटर शिकून हैदराबादला नोकरीला लागला. वडलांना लकवा मारला तसा ती नोकरी सोडून परत आला आणि गुलबर्ग्यात आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर बघायला लागला.

मी तिथं बिलिंग काउंटरवर. खजुरीची पोर, लग्न होऊन शहरात आलेली, की-बोर्डला हात लावायला घाबरणारी. तो मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा.

एका जागी बसलेलं मी त्याला कधी बघितलं नाही. चहासुद्धा जिन्यावर चालता चालता.

तो आला त्या वर्षी आमचा सर्व्हर रोज अडकायचा.

सकाळी सगळं नीट. ओपीडी भरली की लॅबचे रिपोर्ट यायचे बंद. मशीन बंद करून चालू केलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच.

असं का होतं म्हणून मी एकदा विचारलं, तर त्यानं मला सगळं समजावलं. एकाच मशीनवर दोघं राहतात. एक आपला बिलिंगचा डेटाबेस, दुसरा लॅबचा प्रोग्राम. डेटाबेस एकदा वाचलेलं सगळं मेमरीत धरून ठेवतो, पुन्हा कुणी मागितलं तर पटकन देता यावं म्हणून. त्यात त्याची चूक नाही. पण इथपर्यंतच घे असं कुणी सांगितलं नसेल तर तो घेतच राहतो. लॅबच्या प्रोग्रामला काही उरतच नाही.

"इन्स्टॉल करणाऱ्यांनी लिमिट घातलीच न्हाई, अक्का. एक आकडा टाकायचाय फक्त."

तो आकडा टाकायची परवानगी मात्र मिळेना. मॅनेजर साहेबांचं म्हणणं, सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीच्या माणसाशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही. तेही उगाच नव्हतं. आधी एकानं असाच हात लावला होता आणि पेशंटांची माहिती गेली होती. कंपनीवाले फोनवर म्हणायचे, माणूस पाठवतो.

माणूस काही येईना. भीमण्णा रोज केबिनमध्ये जाऊन विचारायचा आणि रोज तोंड पाडून बाहेर यायचा.

मग तो सोमवार.

कडगंचीची एक बाई बाळंतपणाला आली होती. रक्त जायलेलं, थांबेना. वरती डॉक्टर मॅडम रिपोर्टची वाट बघायलेल्या आणि रिपोर्ट मशीनमध्ये अडकलेला. लॅबचा फोन सारखा बिझी.

भीमण्णा लॅबमध्ये पळाला. तिथल्या मुलीकडून आकडे कागदावर लिहून घेतले, सही घेतली आणि जिना चढून मॅडमच्या हातात दिले. मॅडमनी लगेच रक्त मागवलं.

तो तसाच खाली आला. काउंटरवर येऊन मला म्हणाला, "अक्का, दहा मिनिटं पावत्या हातानं कर. मी करायलोय ते."

मी म्हटलं, "साहेबांना विचारलास का?"

"न्हाई."

त्यानं बॅकअप घेतला, लिमिट घातली, सर्व्हर पुन्हा चालू केला.

लॅबचे अडकलेले रिपोर्ट भराभर निघायला लागले.

आणि आमचं बिलिंग मेल्यासारखं झालं. एक नाव शोधायला एवढा वेळ की लाइनीतली माणसं ओरडायला लागली. घाईत त्यानं आकडा फार कमी टाकला होता.

साहेब धावत आले. सगळ्यांसमोर बोलले, नको ते बोलले. आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखं कर म्हणाले.

भीमण्णा की-बोर्डवरून उठला नाही.

"आकडा चुकलाय साहेब, तो वाढवतो. लिमिट काढणार न्हाई. वरती ती बाई अजून टेबलावर हाय."

साहेबांनी वर जिन्याकडं बघितलं. मग म्हणाले, कर काय करायचं ते, पण याचा जाब द्यावा लागेल.

त्यानं आकडा वाढवला. थोडं बघितलं, अजून थोडा वाढवला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या काउंटरपासून लॅबपर्यंत आणि लॅबपासून सर्व्हरपर्यंत येरझाऱ्या घालत होता. शेवटी दोन्हीकडं काम नीट चालायला लागलं.

ती बाई वाचली. मुलगी झाली.

जाब त्याला द्यावाच लागला. सर्व्हरचा पासवर्ड काढून घेतला. महिनाभर नुसते प्रिंटर बघितले आणि एक दिवस राजीनामा देऊन निघाला. मी चिडले. म्हटलं, माफी मागितली असतीस तर काय बिघडलं असतं?

जायच्या आधी मात्र रोज दुपारी मला शिकवत राहिला. मेमरी कुठं बघायची, लॅबसाठी किती सोडायची. आज तो सर्व्हर मी बघते. मशीन बदललं, लिमिट मात्र मी पहिल्याच दिवशी घालते.

पुढं त्यानं मोटरसायकल घेतली. आळंद, हुमनाबाद, बसवकल्याण. कुणाची सोसायटी, कुणाचं कॉलेज, जिथं कॉम्प्युटर अडकेल तिथं हा. मी म्हणायची, एका जागी नोकरी धर. म्हणायचा, "बघू की अक्का."

आज बातमी मॅनेजर साहेबांनीच दिली. "आपला भीमण्णा गेला" म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. मी त्याच्याच नंबरवर फोन लावला.

पोलिसांनी फोन त्याच्या बायकोकडं दिला होता, तिनंच उचलला. लक्ष्मीनं. नाव न बघताच, मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"ते येणार न्हाईत आज. दुसरं कुणी बघा."

तिला वाटलं, कुणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडलाय.

उद्या दुबलगुंडीला माती आहे. मी पहिल्या बसनं निघतेय.

भीमण्णा, तुला अखेरचा नमस्कार.

तुझी शोभाअक्का