पिवळ्या कार्डासाठी वरठीहून सिहोऱ्यापर्यंत

तीन रात्री झाल्या, माहा डोळा लागला नाही. एक तं माही खुशी. दहा महिन्याची आहे, हात-पाय सुजले की काही केल्या उगी राहत नाही. अना दुसरं म्हनजे माह्या पर्समध्ये माह्या भावाच्या नावाचं एक पिवळं कार्ड आहे. त्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं अना तो ते कार्ड हातात घेत नाही. डोळे मिटले की ते कार्डच दिसते.

मी आठवीपर्यंत शिकली. मोबाईलमध्ये बोलते अना तो लिवते, चुकलं असन तं समजून घ्या. याच पानावर मी चांदपूरच्या हनुमानाले गेल्याचं लिवलं होतं, तवा तुमच्यातल्या लगित जनांनी विचारलं, कोन्या बसनं जाचं, खाले काय भेटते. हा प्रवास बी तसाच सांगते. हौसेचा नाही, पन कोनाले कामी पडन.

आमचं घर वरठीच्या बाजूच्या गावात. खुशीचे पप्पा कारखान्यात ठेक्यावर जातात. धान घरात आलं अना थंडी पडली, अना एका सकाळी खुशीच्या दोन्ही हातांची बोटं फुगलेली. पाय बी. हात लावला की किंचाळे. सासू म्हने किडा चावला असन. मी हळद लावली. दुसऱ्या दिवशी ताप चढला तवा पप्पानं सुट्टी टाकली अना सासूले बी मागं बसवून आम्ही गाडीवर भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघालो.

जाचं असन तं सकाळी आठच्या आधी पोचा. चिठ्ठीच्या लाईनीत बायांची लाईन वेगळी असते, पन ती बी लवकर भरते. लेकरासाठी पानी घरूनच न्या. बाहेर आलूबोंडा गरम भेटते, पन एक जन चिठ्ठीपाशी उभा राहिला तरच दुसऱ्यानं खाले जाचं. आमचा नंबर त्याच्यातच एकदा गेला. मोठा सरकारी दवाखाना आहे, लोक भल्ले, डाक्टर थोडे. कोनावर राग काढावा ते समजत नाही.

डाक्टरबाई तरुन होती. खुशीचे हात पाहून तिनं मान वर केली अना माह्याकडं पाहात राहिली.

"तुमची सिकलसेलची तपासणी झाली होती का? पोटुशी असताना?"

"हो जी. झाली."

तिनं माहा बाळंतपनाचा कागद उलटा-पालटा केला. "इथे नुसतं 'झाली' लिहिलंय. निघालं काय होतं?"

आता मी काय सांगू? आमच्या दवाखान्यात सिस्टरनं विचारलं होतं, तपासनी झाली का. मी म्हनलं, हो, शाळेत झाली. आठवीत होती तवा बोटाले सुई टोचून साऱ्या बंद्या पोरा-पोरींचं रक्त नेलं होतं, ते मले ध्यानात होतं. तिनं लिवलं 'झाली'. पुढची बाई उभीच होती. काय निघालं ते तिनं विचारलं नाही, मी सांगतलं नाही, कारन मलेच कोनी सांगतलं नव्हतं. नऊ महिने तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळून नेला-आनला.

खुशीचं रक्त घेतलं. आम्हा दोघांचं बी. खुशीची सूज पाहून, पहिल्या तपासनीवरून बाईनं सांगतलं, सिकलसेलच, रक्ताचा जन्मजात आजार, आहे असं समजा, पक्का रिपोर्ट आठ दिवसांनी. गोळ्या-औषध लिवून देल्लं. म्हने, लेकराले थंडी लागू देऊ नका, पानी पाजत राहा, लस एक बी चुकवू नका, ताप आला की हळद लावत बसू नका, सरळ इथं या. मग समजावून सांगतलं. आई पिवळ्या कार्डाची, म्हनजे आजार नुसता रक्तात वाहनारी, अना बाप बी पिवळ्या कार्डाचा असन, तं दोघांले स्वतःले काही तरास नसते, पन लेकरू लाल कार्डाचं, म्हनजे खरं आजारी निघू शकते. दरवेळी निघतेच असं नाही. पन निघू शकते.

सासू संगं होती. ती म्हने, "म्हनजे इच्या माहेरचं रक्त."

"आजी, अर्धं तुमच्या मुलाकडचंही आहे," डाक्टरबाई म्हनली.

बाहेर आल्यावर पप्पा गाडीले किक मारता मारता म्हनले, "दोघं बी पिवळे निघालो तं आता भांडन कोनासंगं करू वो?" मले हसू बी आलं अना रडू बी.

जाताना डाक्टरबाईनं एक गोष्ट सांगतली होती. शाळेतलं जुनं कार्ड कुठं असन तं आना. अना भाऊ-बहीन असन तं त्यांचं बी पाहा, लग्न व्हाच्या आधी पाहा.

माहा एकच भाऊ, भूषन. माह्याहून दोन वर्षं लहान. त्याच शाळेत, त्याच दिवशी, त्याच लाईनीत होता.

म्हनून दुसऱ्या दिवशी माहेरची वाट. माहेर सिहोऱ्याच्या अलीकडं आहे, गावाचं नाव लिवत नाही. वरठीहून तुमसरची बस पकडा. बायांले अर्धं तिकीट लागते, आधारकार्ड ठेवा. मोहाडीचा बाजार होता त्या दिवशी, बस अशी भरली का खुशीले मी डोक्याच्या वर धरून उभी. एका बाईनं मांडीवर घेतलं तिले. तिच्या बाजूची म्हातारी म्हने, "हात काहून बांधले वो लेकराचे?"

"बांधले नाही आजी, सुजले आहेत. मोजे घातले."

"नजर लागली असन. मीठ-मिरची उतरव."

मांडीवर घेनारी म्हने, "मिरचीचा भाव पाह्यला का मावशी? त्यापेक्षा डाक्टर सस्ता."

बंदी बस हसली. कंडक्टर मागून ओरडला, "अर्धं तिकीट अना पुरं भाषन! सरका समोर, सरका!"

तुमसरले उतरली तं अकरा वाजले होते. स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले, खुशीले कोमट पानी पाजलं, हाटेलवाल्यानं थरमास भरून देल्लं, पैसे घेतले नाही. तिथून सिहोऱ्याकडची बस भेटते, नाही भेटली तं काळी-पिवळी, पन ती भरल्याबिगर हालत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं बांध्या उघड्या पडलेल्या, नुसते धानाचे खुंट, कुठं कुठं तनशीचे, वाळल्या पेंढ्याचे ढीग. मले ही जागा लय आवडते. त्या दिवशी मी फक्त खुशीचे मोजे पाहात होती, सूज वर चढली का खाली उतरली.

घरी न जाता मी पहिले गावच्या आरोग्य उपकेंद्रावर गेली. एक सांगते, अशा कामाले जानार असान तं आधी फोन करून जा. सिस्टरकडं पाच गावं आहेत, ती रोज एका जागी भेटत नाही. त्या दिवशी कुलूपच होतं. आशाताईले फोन लावला. आमची आशाताई म्हनजे शेवंता काकी, आमच्याच गल्लीतली, माह्या आईच्या संगं धानाच्या रोवन्याले जाची ती. पदरानं हात पुसत आली, चाबी तिच्यापाशीच होती.

"काकी, शाळेत आमचं रक्त नेलं होतं, ध्यानात आहे?"

काकीनं मले नाही, खुशीले पाह्यलं. मोजे काढून बोटं पाह्यली. मग कपाट उघडलं. लसीच्या वह्या, वजनाचा काटा, अना खालच्या खनात रबर लावलेला एक गठ्ठा. रबर इतका जुना का हात लावताच तुटला. पिवळी कार्डं. कोनी सातवीतलं, कोनी नववीतलं. माहं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव. त्याच्याच खाली भूषनचं.

"काकी, हे अठी काहून आहे?"

"मी दोनदा गेली होती तुह्या घरी," काकी म्हनली. "तुह्या बापानं घेतलं नाही. म्हने, पोरगी उद्या लग्नाची होईन, असं कार्ड घरात कायले? पाहुन्यांच्या नजरेस पडलं तं? तुमच्याच कपाटात राहू द्या. एकट्या तुह्या बापानं नाही वो बाई, अर्ध्या गल्लीनं असंच म्हनलं. मले वाटलं, पोरींची इज्जत आहे, राहू द्यावं झाकून. तवाची सिस्टर बदलून गेली. नवीन आली, तिले सांगाचं राहून गेलं."

"अना वर पाठवलेल्या कागदावर काय लिवलं?"

"वाटप झालं म्हनून." काकी खाली बसली. "तपासनी झाली, वाटप झालं. आकडा बराबर होता."

मले तिच्यावर ओरडाचं होतं. बसमध्ये तयारी करूनच आली होती. पन तिच्या पायात तुटलेली चप्पल होती, अना याच बाईनं माह्या आईच्या शेवटल्या आजारपनात रोज येऊन ताप पाह्यला होता. मी म्हनलं, "या गठ्ठ्यातल्या किती पोरींची लग्नं झाली काकी?" ती मोजाले लागली, अना मधातच थांबली.

दोन्ही कार्डं मी घेतली. तिनं वहीत माही सही घेतली. म्हने, या गठ्ठ्यातलं पहिल्यांदा कोनी सही करून नेलं. बाकीची उद्यापासून दारोदारी नेते म्हनली, कोनी घेवो न घेवो, वाचून तरी दाखवते. नेते का नाही, मी फोन करून विचारनार आहे.

बाबा अंगनात खाटेवर बसले होते. नातीले पाहून हात पसरले. मी कार्ड समोर धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, काढून ठेवला.

"तुह्या भल्याचं वाटलं मले," एवढंच म्हनले. "पिवळ्यानं काही होत नाही म्हनून सांगतलं होतं."

"मले काही झालं नाही बाबा. हिले झालं."

त्यांनी खुशीचा फुगलेला हात आपल्या हातावर ठेवला.

भूषनचं सिहोऱ्याले मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, कव्हर, काच लावाचं. मी गेली तवा तो एका पोट्ट्याच्या मोबाईलले काच लावत होता. मले पाहून खुश झाला, भाचीसाठी समोरून बिस्कीट मागवलं. मग मी कार्ड काउंटरवर ठेवलं, बंदं सांगतलं. त्याचं तोंड उतरत गेलं.

"हलू बोल ताई. गिऱ्हाईक आहे."

"मी लग्न मोडाले नाही म्हनून राहिली. तुह्या ठरलेल्या पोरीचं थोडं रक्त तपासा, एवढंच. सरकारी दवाखान्यात फुकट होते."

"मी तिच्या बापाले काय सांगू? तुमची पोरगी तपासून देता का म्हनू? पोट्ट्यातच खोट आहे म्हनतील. पत्रिका वाटून झाल्या."

"ती पिवळी नसन तं काहीच भेव नाही रे भूषन. असन तं आधी समजन. डाक्टरले विचारून पुढचं ठरवता येईन. मले तं कोनी विचाराची सोय बी ठेवली नाही."

"तुह्या पोरीचं दुखनं माह्या मांडवात कायले आनतेस?"

हे तो बोलला. माहा भाऊ. बोलल्यावर त्याले बी वाईट वाटलं असन, कारन त्यानं खुशीकडं पाह्यलंच नाही. कार्ड माह्याकडं सरकवलं अना पुन्हा काच पुसाले लागला. मी संध्याकाळच्या बसनं निघाली. बिस्कीटचा पुडा खुशीच्या हातात होता, तिले धरता येत नव्हता.

घरी येऊन आता तीन दिवस झाले. औषधानं खुशीची सूज उतरून राहिली. काल तिनं वाटी धरली. मी तिले दोन स्वेटर घालते, घंट्या-घंट्याले पानी पाजते, अना रात्री तिच्या अंगाले हात लावून पाहात राहते, ताप तं नाही. डाक्टरबाई म्हने, नीट सांभाळलं तं लेकरं मोठी होतात, शाळेत जातात. मी ते शब्द पाठ करून ठेवले आहेत.

या प्रवासातून काय राह्यलं म्हनान, तं मले कोनीच वाईट मानूस भेटला नाही. सिस्टरले घाई होती. काकीले इज्जत राखाची होती. बाबाले माही काळजी होती. बंद्यांनी आपापलं काम 'झालं' म्हनून लिवलं, अना ज्या लेकरासाठी ते काम होतं ते तवा जन्मलं बी नव्हतं, कोनाले विचारन? आता मी विचारते. तुम्ही बी विचारा. तपासनी झाली का म्हनून कोनी विचारलं तं नुसतं हो म्हनू नका, रिपोर्ट हातात घ्या, वाचता येत नसन तं कोनाकून वाचून घ्या.

भूषननं माहा नंबर ब्लॉक करून ठेवला. पप्पाचा बी उचलत नाही. बाबा बोलतो म्हनले, पन बाबा त्याच्यासमोर बोलत नाही, मले माहीत आहे. पोरीच्या घरी मी परस्पर सांगू शकते, पन मग तो जन्मभर माह्या दारात येनार नाही, अना सांगाचा हक्क त्याचाच आहे. मले त्यालेच सांगाले लावाचं आहे.

तुमच्यातले लगित जन सिहोऱ्याकडचे आहेत. भूषन मोबाईलवाल्याचा नंबर तुमच्यापाशी आहे, रिचार्ज त्याच्यापाशीच करता. नंबर मी अठी टाकत नाही. पन माह्यासाठी त्याले एक फोन लावा. लग्न मोड म्हनू नका. पोरीचं नाव काढू नका. एवढंच म्हना का तुह्या भाचीनं आज वाटी धरली, अना तुम्ही दोघं संगं जाऊन तपासून या. शिव्या देईन, देऊ द्या. एकानं लावला म्हनून दुसऱ्यानं थांबू नका. हळद लागाच्या आधी लावा, जमलं तं हे वाचून झाल्या-झाल्याच लावा.