वाल्देमारच्या शिव्यांसाठी राउटर

आमच्या कझाकस्तानातल्या कारागांडात काबदेश आगांना कोण ओळखत नाही? तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत माणसं वर-खाली नेणारा पाळणा चालवला, आणि तितकीच वर्षं इमारतीच्या अंगणात डोमिनो खेळताना भांडण केलं. भांडायला जोडीदार एकच, समोरच्या दारातला जर्मन वाल्देमार. हरणाऱ्यानं टेबलाखाली शिरून बकरीसारखं ओरडायचं, हा आमच्या अंगणाचा कायदा. दोघांनी इतकं बें बें केलं की नव्या भाडेकरूंना वाटायचं, खाली कुणीतरी बकऱ्या पाळल्यात.

मग वाल्देमार जर्मनीला गेला, सोव्हिएत राज्य बुडाल्यावर इथले सगळे जर्मन गेले तसा. फोनवर दोघंही ठोंबे. "तब्येत?" "बरी." "हवा?" "थंड." संपलं! तोंड सुटायचं ते डोमिनोवरच. म्हणून इंटरनेटवरच्या एका साइटवर खेळायला लागले, तर तिथून दोघांची हकालपट्टी. कारण शिव्या. मला काही नवल वाटलं नाही.

गेल्या सोमवारी आगा माझ्या दारात उभे.

"राउशान, तू खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात होतीस ना? मला माझ्याच घरात खेळाचं टेबल मांडून दे. वाल्देमार तारेवरून थेट माझ्याकडे येईल. आपल्या घरातून आपल्याला कोण हाकलतंय?"

"येईन हो आगा, घाई काय आहे?"

"पुढच्या सोमवारी त्याच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार. मग आवाज नाही."

हातातली पिशवी तिथेच ठेवली आणि त्यांच्यामागून वर गेले.

बघते तर राउटरवर भरतकामाचा रुमाल, रुमालावर बाउरसाकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, ताटली. "उचला ते! गुदमरतंय बिचारं!" म्हटलं. ताटली उचलली ती माझ्याच पुढ्यात आली, वर दुधाचा चहा. खाल्ल्याशिवाय कामाला हात लावू देतील तर शपथ.

पहिली अडचण अशी की इंटरनेट कंपनीनं अख्ख्या इमारतीला मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता दिलेला. बाहेरून येणारा फाटकाशीच अडकायचा. स्वतःचा वेगळा पत्ता हवा तर मागून घ्यावा लागतो. फोनवरची मुलगी म्हणाली, "कशासाठी हवाय?" मी काहीतरी भारदस्त सांगणार, तोच आगांनी फोन हिसकावला. "शिव्या खायला!" ती इतकी हसली की गुरुवारी पत्ता मिळाला.

पुढचं काम माझ्या हातचं. बाहेरून कॉल आला की आत कुणाला जोडायचा, एवढंच राउटरला सांगायचं असतं. जन्मभर मी दुसरं काय केलं? खेळाचं तेवढं एक दार आगांच्या कॉम्प्युटरकडे वळवलं.

"एकच? सगळी उघड की. पाहुण्याला काय दारात अडवायचं?"

"सगळी उघडली तर चोरही पाहुणे म्हणून येतील, आगा."

शनिवारी दुपारी वाल्देमार काही आत येईना. काल तर सगळं चालत होतं!

"आगा, कशाला हात लावलात?"

"मी? छे!"

"आगा!"

"बाजारात जाताना प्लग काढले. घर बंद करताना सगळेच काढायचे असतात."

कपाळ माझं! परत आल्यावर यांनी आधी टीव्ही लावला, आणि राउटरनं कॉम्प्युटरचा घरातला नंबर देऊन टाकला टीव्हीला. "वाल्देमार मघापासून तुमच्या टीव्हीचं दार ठोठावतोय!" मी ओरडले. तो नंबर कॉम्प्युटरच्या नावावर कायमचा बांधला आणि प्लगला चिकटपट्टी मारली.

तेवढ्यात स्पीकरमधून घोगरा आवाज आला. "थेरड्या, मेलास की काय?"

"तुला पोचवल्याशिवाय नाही मरत!"

पहिला डाव वाल्देमार हरला. बें बें केलं, मग बराच वेळ खोकला. दुसऱ्या डावात आगांकडे शेवटचा एकच ठोकळा उरला, आणि नेमका तोच बसत होता. टाकला की जिंकले. पण हातात बसणारा ठोकळा नसला की ढिगातून उचलतात, तसा आगांनी ढिगातून नवा उचलला. मग आणखी एक.

"खोटारड्या!" स्पीकर गरजला. "पाचाचा ठोकळा तुझ्याकडेच आहे! दडवून बसलायस! टाक, हरामखोरा!"

"नाही रे माझ्याकडे."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "आगा, हा काय, हा..."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "गप बस, पोरी. बोलू दे त्याला."

मी स्पीकरचा आवाज मोठा केला.