दोन वॉशर आणि मेन स्विच

आमच्या केजच्या लॅबमध्ये दोन नव्या मशिनी एकाच टेबलावर आल्या, त्या दिवशी मी मुद्दाम ठेवणीतली साडी नेसले होते. लॅबचे मालक असलेल्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, सांगितलं होतं, "लॅब तुम्ही चालवता, वॉशरही तुम्हीच निवडा." मग काय, थाट नको?

प्लेट धुणाऱ्या जुन्या मशीननं, वॉशरनं, जीव नकोसा केला होता. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची तपासणी बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये होते. खळगे नीट धुतले गेले नाहीत, तर निरोगी माणसाच्या रक्तालाही आजाराचा रंग चढतो. जुन्याच्या पाणी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या सुया क्षार बसून तुंबायच्या आणि आम्ही लोकांना परत रक्त द्यायला बोलवायचो. चकलांब्याहून गाड्या बदलत आलेल्या बाईला असं सांगताना माझं डोकं फिरायचं.

नव्या दोन्हींत सुयाच नव्हत्या. धुतलेली मेथी फडक्यात बांधून झटकतो, तशी प्लेट पालथी गरगर फिरवून त्या पाणी बाहेर फेकायच्या. मी किराणा दुकानातून जिलेबीचा रंग आणून खळग्यांत भरला. दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर हसले. हसा म्हटलं, लेकाहो!

पहिलीनं चटकन धुतलं, टिपूसही ठेवला नाही. दुसरीनंही धुतलं, पण वेळ जास्त आणि आवाज गिरणीचा. सरांचं मन पहिलीवर बसलेलं दिसत होतं. तेवढ्यात दोन्ही फिरत असताना मी मेन स्विच खाली ओढला.

"मॅडम, हे काय केलंत!" पहिलीचा इंजिनिअर ओरडला.

"लाईट गेली. आमच्याकडं विचारून जात न्हाई."

"यूपीएस लावा ना."

"हाय की. त्याची बॅटरी बसली म्हंजी?"

पहिलीचं झाकण उघडेचना, प्लेट आत सुकली; सुकली की तपासणी वाया. दुसरीचं हातानं उघडलं, आणि लाईट आल्यावर तिनं राहिलेल्या फेरीपासून काम उचललं. "हीच घ्यायची," मी म्हटलं. सरांनी तिच्याच ऑर्डरवर सही केली.

पुढं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळी एक गरोदर बाई आली. तिचा आधीचा रिपोर्ट दुसऱ्या एका लॅबमध्ये संशयाचा आला होता. "बाई, रातच्याला टोळी निघतीय. आजच सांगा, पोटातल्याला काविळीचा धोका हाय का?" तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

तिची प्लेट मशीनमध्ये असतानाच लाईट गेली, यूपीएसनंही मान टाकली. मी झाकण उघडलं, खळगे सुकू नयेत म्हणून धुण्याच्या द्रावणानं भरून ठेवले. लाईट आली, उरलेली धुलाई झाली, तपासणी पूर्ण झाली. तिच्या खळग्यात रंगाचा मागमूस नव्हता.

रिपोर्ट मी स्वतः बाहेर नेला. "कावीळ न्हाई तुला. जा बिनघोर."

तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं.