घरच्या प्रवाळाची आंघोळ

गल्लीतली मुलं त्यांना भिंगकाका म्हणत, आणि खरं नाव विचारलं तर मोठ्यांनाही क्षणभर आठवावं लागे. खाली त्यांचं चष्म्याचं दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं छोटं भिंग. काचेवरचा ओरखडा ते त्यातून तपासत. काच गिऱ्हाइकाच्या हाती गेली की तेच भिंग भाजीतल्या अळीवर, पिशवीच्या विणीवर, जिन्यातल्या मुंग्यांवर फिरे. माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत, असं काकू म्हणत. तुझ्यात ओरखडा सापडला तर पंचाईत, असं काकांचं उत्तर ठरलेलं.

वर जेवणाच्या टेबलाशेजारी त्यांची समुद्राची टाकी होती: खारं पाणी, खडबडीत दगड, दोन नारिंगी मासे आणि दगडांवर वाढणारी प्रवाळं. हा नाद त्यांनी धाकट्या बहिणीलाही लावला होता. तिला घरात बारकी म्हणत. ती काकांपेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव काही वाढलं नाही. बारकीचं गाव बसने अर्ध्या दिवसावर. येताजाता डब्यांतून प्रवाळाचे तुकडे इकडून तिकडे जात. विकत आणलेला प्रत्येक तुकडा दोघंही औषधाच्या पाण्यात बुडवून, खळबळून, मगच टाकीत सोडत, कारण त्यावर काय चढून येईल सांगता येत नाही. एकमेकांकडून आलेला तुकडा मात्र डब्यातून थेट टाकीत जाई. घरच्याला कसली आंघोळ घालायची, असं काका म्हणत. बारकीचंही तेच मत.

बारकीकडे हिरव्या बोटांचं एक प्रवाळ होतं. अंगठ्याएवढं आणलेलं, तिने ओंजळभर वाढवलेलं. पाणी हललं की त्याची मऊ बोटं सगळी मिळून एका बाजूला झुकत. त्याची एक फांदी तिने काकांना दिली होती, काकांकडे तिच्या तीन फांद्या झाल्या. मग एका दिवसात बारकीच्या टाकीतलं सगळं मेलं. पाणी उबदार ठेवणारा हीटर बिघडला, एवढंच तिने सांगितलं आणि पुढे कोणी विचारू नये अशा आवाजात विषय बदलला. आता टाकी पुन्हा भरून पाणी स्थिरावलं होतं. तिचा फोन आला: महिनाअखेरीला येते, माझ्या हिरव्याची एक फांदी दे. तुझ्याकडे आहे तेवढंच उरलंय त्याचं.

फोन ठेवून काका टाकीपाशी गेले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. हिरवी बोटं मिटून गेली होती, आणि देठांवर गंज चढल्यासारखे तांबूस ठिपके पसरले होते.

ठिपके त्यांना नवे नव्हते. पहिला ठिपका काचेवर दिसला तेव्हा जेवण गार होईपर्यंत ते भिंग लावून बसले होते. तिळाएवढा, कागदासारखा चपटा किडा. पाय नाहीत, पर नाहीत, तरी तेलाच्या थेंबासारखा सरकत होता. मागे शेपटीला तीन टोकं. चौकशी केल्यावर कळलं, याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि उजेड खाऊन दोघांचंही भागतं. झाडासारखा जगणारा प्राणी आपल्या घरी आलाय म्हणून काका हरखून गेले. पाहुणे किती दिवस मुक्कामाला आहेत, असं काकूंनी विचारलंही होतं. पाहुण्यांचा गोतावळा वाढत गेला, काका बघत राहिले. आता तो गोतावळा प्रवाळावर पांघरुणासारखा पसरला होता, आणि खालच्या हिरव्याला उजेडच मिळत नव्हता.

त्यांनी बारकीला फोन लावून सगळं सांगितलं.

"तांबूस आहेत? मागे तीन टोकं?"

"तुला कसं माहीत?"

"दादा, हीटर नव्हता बिघडला."

तिने किडे दिसताच औषध टाकलं होतं. किडे मेले, पण सगळे एकदम, आणि मेल्यावर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरलं. पाणी विटकरी झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, आणि पाणी बदलायला बादल्या भरेपर्यंत सगळं संपलं. औषधाचा दोष नव्हता. आधी किडे उपसायला हवे होते. लाज वाटली म्हणून तिने हीटरवर ढकललं.

मग हे आले कुणाकडून? दोघांनी आठवून पाहिलं, पण इतके डबे इकडेतिकडे झाले होते की माग लागेना. तुझेच, तुझेच करून झालं. शेवटी बारकी म्हणाली, आपल्या दोघांचे नातेवाईक समजू.

काका उपसायला बसले. बारीक नळीचं एक टोक किड्यांवर, दुसरं खाली बादलीत. ओढलेलं पाणी कापडातून गाळून परत टाकीत. पण पुढचे ओढावेत तर मागचे दगडांच्या फटींतून हजर. कंबर धरली, किडे काही हटेनात.

एका दुपारी टाकीचे दिवे बंद असताना खालून गिऱ्हाइकाची हाक आली. काका काच तपासायची बॅटरी टाकीच्या कोपऱ्याला टेकवून तशीच पेटती विसरून गेले. वर येऊन बघतात तो उजेडाच्या गोलात तांबूस चकती. फटींतले सगळे तिथे जमले होते.

"म्हणजे तुम्हाला बोलवावं लागतं," ते म्हणाले. कोणाला, असं काकूंनी आतून विचारलं.

दुकानातल्या काचेच्या कपाटातलं काळं मखमली कापड वर आलं. काकूंच्या कपड्यांच्या चिमट्यांनी ते टाकीभोवती बसवलं आणि तळहाताएवढी एकच खिडकी ठेवली. तिथे बॅटरी लावायची, गर्दी जमू द्यायची, नळीने ओढायची, पुन्हा वाट बघायची. प्रवाळाला उजेड हवा म्हणून निम्मा दिवस कापड काढायचं. सुरुवातीला गाळायचं कापड विटकरी होई. मग फिकं. मग त्यावर किडे वेचता येतील इतके थोडे.

तेव्हा कुठे काकांनी औषध काढलं. मिठाच्या पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, विष शोषायला कोळशाची पिशवी तयार ठेवली, आणि मग औषध टाकीत सोडलं. ज्या काकू टाकीपाशी कधी बसल्या नव्हत्या, त्या स्टूल ओढून माशांच्या तोंडाकडे बघत बसल्या. श्वास नीट चाललाय, असं मधूनमधून सांगत राहिल्या. पाणी स्वच्छच राहिलं. तरी हिरवी बोटं मिटलेलीच.

बारकी आली ती पिशवी न ठेवता टाकीसमोर उभी राहिली. दोन देठ पांढरे पडले होते, ते गेलेच होते. तिसऱ्यावर मात्र तीन-चार बोटं अर्धवट बाहेर आली होती.

"हीच एक उरली ना?" ती म्हणाली. काकांनी मान हलवली. मग बारीक करवतीने त्या देठाचा फाटा कापला. बारकीने सवयीने डबा पुढे केला, काकांनीही सवयीने हात डब्याकडे नेला. मध्ये काकूंनी टब आणून आदळला.

"आधी आंघोळ."

औषधाच्या पाण्यात फाटा खळबळला, आणि टबाच्या तळाशी एक तांबूस ठिपका गळून पडला. एकच. तिघं वाकून बघत राहिले. हा नेमका कुणाचा, असं बारकीने विचारलं. स्वच्छ पाण्यात धुतलेला फाटा डब्यात गेला. काकूंनी टबात ओतायला उकळत्या पाण्याची किटली आणली, आणि थबकून काकांच्या गळ्यातलं भिंग डोळ्याशी ओढलं. दोरीबरोबर काकांची मानही गेली.

"तीन टोकं आहेत खरी," काकू म्हणाल्या. "ओतू आता?"

"थांब," मान वाकडी ठेवूनच काका म्हणाले, "मला एकदा बघू दे."

पुढच्या आठवड्यात बारकीचा फोन आला. हिरवा फाटा उघडला होता, सगळी बोटं बाहेर. वाढला की तुला एक फांदी आणून देते, ती म्हणाली. आण, काका म्हणाले, टब इथेच आहे.